फोटोतलं ऊन

आमच्या ह्यांना मी आजवर पुष्कळ नावं ठेवली. आळशी म्हटलं, हट्टी म्हटलं, चहाचा कप जिथे पितील तिथेच ठेवणारे म्हटलं. पण खोटारडे कधी म्हटलं नव्हतं. तो दिवसही यंदा बघावा लागला.

हे म्हणजे दीनानाथ शितोळे. ह्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, असं हे अजून आल्यागेल्याला सांगतात. घोडा कुणी पाहिला नाही, पण ऐट उतरलीय रक्तात. रावपुऱ्यात ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या बडोद्याची लग्नं ह्यांनी काढली. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला टाळं लागलं. दोन वर्षं घरात बसून होते. माझ्या शिवणकामावर घर चाललं, पण तोंडातून शब्द काढीन तर शपथ.

नंतर हार्दिक भेटला. तो बडोद्यातल्याच गोत्री भागातला दलाल, जुने फ्लॅट विकून देणारा. लोक आता आधी मोबाईलवर घर बघतात, फोटो आवडला तरच फोन करतात. म्हणून त्याला चांगला फोटोवाला हवा होता. ह्यांना काम मिळालं आणि खरं सांगते, माणसात आले हे.

कामात मात्र हात धरणारा कुणी नव्हता. मोबाईलवाले पोरगे दारात उभे राहून खट् खट् करून मोकळे. हे आधी त्या घरात तासभर नुसते फिरायचे. ओट्यावरची बरणी हलव, दोरीवरचे कपडे काढ, संडासाचं दार लोट. कुठल्या खोलीत उजेड कधी येतो ते विचारून त्या वेळी परत जायचे. घरात नुसत्या भिंती असल्या तर स्वतःची ट्रंक घेऊन जायचे. तिच्यात पांढरी चादर, पितळेची फुलदाणी आणि मी क्रोशाने विणलेल्या खोळींच्या दोन उशा. मोराच्या खोळी, निळ्या. गोत्रीतल्या निम्म्या फ्लॅटांत माझे मोर बसून आलेत, असं मी चेष्टेत म्हणायची. अभिमान होता मला. कशाला लपवू?

पुढे हार्दिकने ह्यांना कॉम्प्युटरवर फोटो सुधारायला शिकवलं. "काका, जरा सारुं देखाडो ने," जरा चांगलं दाखवा ना, एवढंच म्हणायचा. आधी ह्यांनी भिंतीवरची ओल पुसली. मग खिडकीतला विजेचा खांब. मी एकदा विचारलंही, "अहो, हे चालतं का?" तर म्हणाले, "नलिनी, लग्नात नवरीच्या तोंडावरची पुटकुळी पुसायचो, तेव्हा नवरा आला का भांडायला?" मला हसू आलं. हसले, हीच माझी चूक.

ह्यांची थोरली बहीण मंदाताई. तिचे यजमान गोविंदराव कोयलीच्या रिफायनरीत लागले आणि पुढे बदलीने आसामात गेले. सगळा जन्म पाळ्यांमध्ये गेला त्यांचा. रात्री काम, दिवसा पडदे ओढून झोप. निवृत्तीनंतर बडोद्यात यायचं आणि सकाळी गॅलरीत उन्हाला खुर्ची टाकून निवांत पेपर वाचायचा, एवढीच त्यांची मागणी. फोनवर कितीदा तरी सांगायचे.

ते निवृत्त झाले आणि एके संध्याकाळी दोघं पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात! आम्हाला पत्ताच नाही. मंदाताईने ह्यांच्या तोंडात पेढा कोंबला. "दिना, गोत्रीत घर घेतलं! आज दस्तावेज झाला. आता किल्ली घेऊन, दिवे लावून बघूनही आलो. आणि कशावर घेतलं, सांग? तुझ्या फोटोंवर! मोबाईलवर घरं बघत होते, तर कोचावर नलिनीचे मोर! म्हटलं, माझा भाऊ ह्या घरात उभा राहून आलाय, आता आणखी काय बघायचं? मुद्दामच कळवलं नाही, म्हटलं गंमत करू."

गॅलरीत भरपूर ऊन आहे म्हणून गोविंदराव खूश होते. ह्यांच्या तोंडातला पेढा तोंडातच. घामाघूम झाले. मला वाटलं, आनंदाने.

ते गेल्यावर ह्यांनी मला सांगितलं. त्या गॅलरीसमोर शेजारच्या सोसायटीची उंच इमारत आहे. ऊन यायला जागाच नाही. दाराच्या पडद्यामागचा उजेड आणि फरशीवरचा तो पिवळा पट्टा, सगळं ह्यांनी बसल्या जागी रंगवलेलं.

मी कपाळाला हात लावला. "आत्ताच्या आत्ता फोन करा," म्हटलं. "उद्या करतो," म्हणाले. असे उद्या करता करता ती दोघं सामान घेऊन राहायला आली. आम्ही वास्तूच्या पूजेला गेलो, जेवलो. गोविंदरावांनी ह्यांना गॅलरीत नेलं आणि साध्या मनाने विचारलं, "दिना, फोटो किती वाजता काढला होतास? त्या वेळेला खुर्ची टाकत जाईन म्हणतो."

आता तरी बोलावं ना माणसाने! हे म्हणाले, "सकाळी, दाजी. नऊच्या सुमारास."

घरी आल्यावर मी ह्यांना खोटारडे म्हटलं. हे खाली मान घालून बसले. माझीही मान वर नव्हती. त्याच पैशांनी मी घरात किराणा भरला होता आणि माझ्याच मोरांवर ती बाई भुलली होती.

पुढच्या आठवड्यात मीच ह्यांना हाताला धरून गोत्रीला नेलं. म्हटलं, आज सांगितल्याशिवाय परत यायचं नाही. सकाळची वेळ. गोविंदराव गॅलरीत खुर्चीवर, डोक्याला कानटोपी, अंगावर शाल. समोर भिंत. ह्यांना बघून म्हणाले, "बरं झालं आलास. मी म्हणतोय, ही इमारत आडवी येते, इथे ऊन येणं शक्य नाही. तर ही ऐकत नाही. रोज भांडते माझ्याशी."

आतून मंदाताई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "भांडणारच! तुम्हाला धीर म्हणून नाही. थंडीत सूर्य कलतो, संक्रांतीनंतर येईल. दिनाने उगाच दाखवलंय का? सांग रे ह्यांना."

हे म्हणाले, "ताई, ते ऊन मी टाकलंय."

"टाकलंय म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर. तिथे ऊन नव्हतंच. कधीच येत नाही."

"ऊन कुठे टाकता येतं होय रे?" ती हसलीच. तिला खरंच कळलं नाही. ह्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखं उभं राहून. मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि मी आत जावं.

मंदाताईचं हसू हळूहळू गेलं. आता ती चिडेल, बोलेल, म्हणून मी वाट बघत होते. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नवऱ्याच्या खांद्यावरची घसरलेली शाल मनगटाने वर सारली.

"मीच चुकले हो," ती त्यांना म्हणाली. "उगाच भांडले तुमच्याशी."

भावाकडे तिने बघितलंही नाही. आत जाऊन पोळ्या लाटायला लागली आणि आमच्या दोघांच्याही केल्या.