इंजिनाखालची गादी

महिपत मूळचा लांज्याकडचा, कातळावरच्या एका वाडीतला. घरी भाताचे दोन तुकडे आणि खाणारी तोंडं पुष्कळ, म्हणून मिसरूड फुटायच्या आतच तो मुंबईला गेला. वाडीतले बाकीचे गिरणीत लागले, हा एका मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागला. तिथं तो चांगला मिस्त्री झाला. पुढं छातीत दमा भरू लागला आणि डॉक्टरनं मुंबईची हवा सोडायला सांगितलं. तेव्हा तो परत आला, पण वाडीवर गेला नाही. बायकोला, काशीला, घेऊन त्यानं रत्नागिरीतच बिऱ्हाड केलं. साल असेल चौतीस-पस्तीस.

त्या वेळी गावात मोटारी मोजक्याच. मिरकरवाड्याच्या खंडूशेटनं एक जुनी लहान लॉरी घेतली होती, पुढं दोघांची बैठक आणि मागं उघडा हौदा. सुकी मासळी आंबा घाटातून वर मलकापूरला, कधी कोल्हापूरला जायची. लॉरी चालवायचा खंडूशेटचा मेहुणा जानू. वखारीमागच्या झापाच्या मांडवात लॉरी उभी राहायची आणि महिपत तिथंच काम करायचा. आणखी कुणाची मोटार नादुरुस्त झाली तरी तिथंच यायची.

काशी दुपारी भाकरी घेऊन यायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत बसायची. त्याला बोलायला आवडायचं. इंजिन तापतं कशानं, ब्रेक कुठून ओढला जातो, हे तो घास चघळत सांगायचा. तिला त्यात गोडी होती की नाही कोण जाणे, पण ती ऐकायची.

एका वैशाखात लॉरी थरथरू लागली. इंजिन चासीवर, म्हणजे मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावर, टेकतं तिथं लोखंडी पायाखाली जाड रबराची गादी असते. इंजिनाचे हिसके ती सोसते आणि इंजिनाला जागेवर धरूनही ठेवते. डाव्या अंगाची गादी तेल पिऊन पिऊन कुजली होती, मधून फाटली होती. महिपतनं बोटानं दाबली तर काळा लगदा हाताला आला. नवी गादी मुंबईहूनच यायची होती. खंडूशेटनं ती मागवली, पण पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट आली त्यात गादी नव्हती. आता आगबोटी बंद, त्या पावसाळा उतरल्यावर सुरू व्हायच्या.

इकडं आगोटीचे दिवस. घाटावरची माणसं पावसाळ्याची सुकी मासळी भरून ठेवतात ते याच दिवसांत. वखारीत बोंबील आणि सोडे रचून ठेवले होते, आणि एकदा आभाळ फुटलं की ओल लागून सगळं जाणार होतं. महिपतनं जुन्या टायरचे तुकडे कापून एकावर एक बसवले आणि त्यांची गादी केली. मग खंडूशेटला सांगितलं, "शेट, ही पाली-हातखंब्यापर्यंत चालंल. घाटात न्हेऊ नका. चढणीला इंजिन उचलतंय."

खंडूशेट वाईट माणूस नव्हता. त्यानं एकदा वखारीकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाला, एवढी एकच खेप, मग लॉरी उभी करून ठेवू.

जानूला एकट्याला सोडायला महिपतचं मन होईना. तोही बरोबर निघाला.

साखरप्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं महिपतनं बॉनेटची डावी झडप काढून हौद्यात टाकली, म्हणजे गादी डोळ्यांसमोर राहील, आणि तो बाजूच्या पायरीवर उभा राहिला. घाटात लॉरी माणसाच्या चालीनंच चढते, त्यामुळं पायरीवर उभं राहणं काही अवघड नव्हतं. वरच्या अंगाच्या एका वळणावर जोर पडला तसे टायरचे तुकडे निसटून खाली पडले. इंजिन डाव्या अंगानं वर उचललं गेलं. त्यासरशी वेग वाढवायच्या पायातल्या खटक्याकडून येणारी सळई ताणली गेली, तिथंच अडकली, आणि लॉरी एकदम जोरानं दरीच्या कठड्याकडं धावली. जानूनं खटक्यावरचा पाय काढला तरी वेग कमी होईना. इंजिनाची कळ बंद करायची त्याला सुचलं नाही.

महिपत पायरीवरून उडी टाकू शकत होता. त्यानं टाकली नाही. आत वाकून उजव्या हातानं चासीची कड धरली आणि डाव्या हातानं सळई उपसून सोडवली. जोर तुटला, जानूनं ब्रेक दाबला, लॉरी कठड्याला घासून थांबली. पण जोर तुटताच वर उचललेलं इंजिन आपल्या जागी खाली बसलं, आणि त्या जागी महिपतची बोटं होती.

जॅक काढून इंजिन वर घेईपर्यंत तो तसाच अडकून होता. जानूला जॅक नीट बसवता येईना. शेवटी महिपतनंच त्याला सांगितलं, आधी खाली फळी ठेव, मग जॅक लाव, सावकाश फिरव. हे जानूच पुढं सांगायचा.

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. अंगठा राहिला.

लॉरी ओढून आणून मांडवात उभी केली. पाऊस लागला. खंडूशेट तांदूळ पाठवायचा, घरी येऊन बसायचाही, पण त्या खेपेबद्दल दोघंही बोलायचे नाहीत. महिपत दिवसभर डाव्या हातानं पाना धरून बघायचा. नट सैल करणं त्याला जमायचं, पण एका हातानं धरून दुसऱ्या हातानं फिरवायचं काम आलं की पाना खाली पडायचा.

भाद्रपदात आगबोटीनं गादी आली. खंडूशेट म्हणाला, चिपळूणहून मिस्त्री बोलावतो. महिपत म्हणाला, नको, मी बसवतो. काशी तिथंच होती. दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन आली ती पदर खोचूनच, आणि न विचारता लॉरीखाली शिरली.

तो बाहेर उकिडवा बसून सांगत गेला. इंजिनाच्या तळाला जॅक लावायचा, पण मधे लाकडाची फळी हवी, नाहीतर तळाचा पत्रा चेपतो. बोल्ट आधी सैल करायचा, मग इंजिन उचलायचं, तेही गादी निघण्यापुरतंच. जास्त उचललं तर पंखा पुढच्या जाळीत घुसतो. टायरचे उरलेसुरले तुकडे तिनं खरवडून काढले. कडेला सुकलेलं रक्त होतं, तेही काढलं. नवी गादी आत सरकवली तर भोकं जुळेनात.

"सळई घाल भोकात आन् हलव," तो म्हणाला. "जोर नको करूस. आपसूक जागेवर येतंय."

तसंच झालं. बोल्ट आत गेला. इंजिनाचा भार गादीवर सोडल्यावर तिनं तो आवळला. महिपतनं खाली वाकून डाव्या हातानं तपासून पाहिला आणि म्हणाला, "घट बसलाय."

जानूनं इंजिन सुरू केलं. थरथर नव्हती. खंडूशेटला एवढा आनंद झाला की तो वखारीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "महिपत, आता हिलाच ठेवूया मिस्त्री!" हमाल हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं, पण त्या दिवसापासून बंदरावर त्याला 'काशीचा महिपत' म्हणू लागले. तो रस्त्यानं जाताना मागून कुणीतरी हळूच म्हणायचं.

त्यानं काशीला मांडवात यायची बंदी केली. भाकरीसुद्धा आणू देईना, सकाळी स्वतःच बांधून न्यायचा. ती म्हणाली, लोक बोलतील आणि विसरतील, तुमचा दमा तरी बघा, एकट्यानं किती ओढाल.

दिवाळीच्या सुमारास उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीचं काम आलं. तिच्याही इंजिनाखालची गादी गेली होती. काशी घरी होती, अर्ध्या हाकेवर. त्यानं बोलावलं नाही. एका हातानं फळी ठेवली, जॅक चढवला आणि तो आत सरकतो तोच फळी फिरली. इंजिन तिरपं खाली आलं, तळाचा पत्रा उभा फाटला आणि तेल त्याच्या अंगावर सांडलं. त्याला लागलं नाही. मोटारीच्या मालकानं बैल जुंपून मोटार ओढत नेली. त्यानंतर मांडवात कुणी मोटार आणली नाही, आणि खंडूशेटही आपल्या लॉरीचं काम चिपळूणच्या मिस्त्रीकडं देऊ लागला.

दोघं वाडीवर गेली. भावांनी त्यांना पडवीत जागा दिली. नांगर धरता येत नव्हता, म्हणून महिपत गुरांमागं जायचा आणि कातळावर एकटाच बसून राहायचा. काशीशी तो कामापुरतंच बोलायचा. अंगावर कधी गेला नाही, शिवी दिली नाही. पण मांडवात घास घेता घेता बोलणारा तो माणूस तिला पुन्हा भेटला नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात ताप येऊन तो गेला. तेराव्यानंतर शेजारची सोनूबाई काशीजवळ बसली होती. हात गेला तिथूनच ग तुझ्या नवऱ्याचं सगळं गेलं, असं ती म्हणाली.

काशी म्हणाली, "हात गेलेला त्यांनी सोसला, सोनूबाय. माझे हात चालले, ते न्हाई सोसलं."

बाहेर पावसाचा जोर ओसरला होता. लावणी अर्धीच झाली होती, आणि दीर बांधावरून हाका मारत होता. काशीनं डोक्यावर इरलं घेतलं आणि ती खाचरात उतरली.