वेंडेल थिबोडोंची बावन्न सेकंदं

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात वेंडेल थिबोडो एकतीस वर्षं नुसतं बसायचा पगार घेतात, असं सगळे म्हणायचे. तयार खुर्ची त्यांच्यापुढे आली की ते बसायचे, डावी-उजवीकडे झुकायचे, मग पाठ टेकून डोळे मिटायचे. झोप लागली की खुर्ची पास, असं म्हणून रंगकामवाले चिडवत. घरी बायकोलाही हेच वाटतं, असं सांगून वेंडेल हसत.

मला सुपरवायझर केलं तेव्हा मालकांनी कम्युनिटी कॉलेजात ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या वर्गाला घातलं. तिथे शिकवलं, काम कुठे अडतं ते शोधा, प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजा, आणि ज्यानं मालात भर पडत नाही तो टप्पा काढून टाका. हायस्कूलनंतर पुस्तक न उघडलेल्या मला ते वेदवाक्य वाटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी स्टॉपवॉच घेऊन कारखान्यात उतरले.

तीन दिवस वेंडेलशेजारी उभी राहिले. एका खुर्चीला बावन्न सेकंदं, आणि मागे खुर्च्यांची ही लांब रांग. दिवसाला दोन-चार खुर्च्या ते बाजूला काढत. दोन-चारच तर, म्हणून मी त्या हिशेबात धरल्या नाहीत. वेळेचा तक्ता मालकांपुढे ठेवला. त्यांनी वेंडेलना पॅकिंगमध्ये जायला सांगितलं. वेंडेलनी टोपी उचलली, सगळ्यांशी हात मिळवले आणि कायमचे घरी गेले.

दोन महिने माझी वाहवा झाली. रोज चाळीस खुर्च्या जास्त निघत होत्या. मग एका शाळेकडून माल परत आला, पाठोपाठ एका वाचनालयाकडून. खुर्च्यांचे पाय सांध्यात हलत होते. मी सांध्यांना सरस लावणाऱ्या आर्मांडला झापलं.

"मला काय कळणार?" तो म्हणाला. "वेंडेल डोळे मिटून सांध्याची कुरकुर ऐकायचा आणि इथे येऊन सांगायचा, आज सरस थंड पडलाय, सांधा धरत नाही म्हणून. दिवसातून चारदा यायचा. आता कोण येतं?"

माझ्या तक्त्यात त्या फेऱ्या नव्हत्याच. तीन दिवसांत वेंडेल एकदाही जागचे हलले नव्हते.

मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात हिवाळ्यासाठी लाकडं रचत होते. माझं चुकलं, परत या, असं म्हणताना मला लाजेनं वर बघवेना. ते रागावले नाहीत, पण येणार नाही म्हणाले. पुन्हा कुणी मोजायला उभं राहिलं तर आता सहन होणार नाही, इतकंच कारण दिलं.

"पण त्या तीन दिवसांत तुम्ही आर्मांडकडे गेला का नाहीत?" मी विचारलं.

"तू मोजत होतीस ना, पोरी. मधेच उठून गेलो असतो तर तुझं गणित बिघडलं असतं. म्हटलं, एवढ्या हौसेनं शिकतेय, नीट होऊ दे तिचं."