आशीर्वादाची वेलांटी

छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासल्यामुळे सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणत. बायको गेल्यावर वाचनालयातल्या संगणकावर मेल बघणं हाच त्यांचा सकाळचा उद्योग झाला. मेल फारशी येत नसे. आली तरी जाहिरातीची. ती वाचून झाली की खिडकी बंद करायची आणि उठायचं. लॉग आउट करायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका मंगळवारी त्यांच्यामागून त्या खुर्चीत बसलेल्या कुणा टवाळाला त्यांचं खातं उघडंच सापडलं. त्याने ओळखीच्या झाडून सगळ्यांना कळवून टाकलं : 'मी पुन्हा लग्न करतोय. आशिर्वाद असू द्या.'

दुपारपासून फोन घणघणू लागला. मेहुणा, जुना फोरमन, शेजारच्या गल्लीत राहूनही वर्षभर न दिसलेला मित्र. कुणी हसलं, कुणी चिडलं. काका प्रत्येकाला तेच सांगत राहिले, की ते मी लिहिलेलं नाही. बोलून बोलून घसा बसला, पण फोन वाजला की ते लगबगीने उठत.

शेवटी मुलीचा आला. पाच महिन्यांनी. आधी ती रडली, मग खरं कळल्यावर तिने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. लॉग आउट कसं करायचं तेही शिकवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला खरंच वाटलं, ते मी लिहिलंय?"

"तुमच्याच नावाने आलं होतं ना, बाबा."

"अगं, शी पहिली काढली होती."

"कुठली शी?"

बायको असती तर पहिल्या ओळीतच म्हणाली असती, हे यांचं नव्हे. "काही नाही," ते म्हणाले. "जेवलीस का?" पण तिला मीटिंग होती.

दुसऱ्या दिवशी फोन दोनदा वाजला, तिसऱ्या दिवशी एकदाही नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी वाचनालयातून मुलीला मेल लिहिली : 'फोन केलास, बरं वाटलं.' दोनदा तपासून पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसले. पंधरा मिनिटांनी मागे एक बाई येऊन उभी राहिली. काकांनी लॉग आउट केलं, पासवर्ड मागतोय याची खात्री करून घेतली आणि खुर्ची सोडली.