बिनपडद्यांचा ऊद

बोरीत आमच्या मिस्त्रींच्या उदाला कुणी गिटार म्हटलं, की त्याला ओट्यावरून उठवलं जायचं. मग तो सरपंच असो की कुणाचा जावई. "गिटार बघायची तर परभणीला जा," एवढं बोलून ते पुन्हा रंधा चालवायला लागत. तरुणपणी सुतारकामाला इराकला गेलेले मिस्त्री तिथल्या वाद्यं बनवणाऱ्याच्या दुकानात लाकूड तासता तासता हे अरबी तंतुवाद्य शिकून आले होते. गावाने त्यांना बगदादी मिस्त्री असं नाव ठेवलं, पण वाद्य कधी नीट बसून ऐकलं नाही. याचा मला आजही राग येतो.

मी इथल्या शाळेत शिक्षक. पेटी बरी वाजवतो, म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. अर्ध्या कलिंगडासारखं फुगीर पोट असलेला ऊद मांडीवर घेऊन, शिंगाच्या पातळ पट्टीने तारा छेडत ते देशोदेशींची उणीदुणी काढत. इस्तंबूलचा ऊद अंगाने लहान आणि आवाजाला टणक, कैरोचा भरदार, बगदादचा गंभीर. युरोपवर त्यांचा खास राग. "तिकडं नेला आन दांडीवर सतारीवानी पडदे बांधले. मंग त्यो ऊद न्हाई राह्यला, दुसरंच वाद्य झालं." माझ्या पेटीलाही त्यांनी सोडलं नाही. "तुमच्या दोन पट्ट्यांच्या मधी बी सूर हाय, सर. त्यो बोटानं हुडकावा लागतो."

गेल्या वर्षी ते आजारी पडले, परभणीच्या दवाखान्यात दाखल झाले. जाताना ऊद माझ्याकडे दिला. वाजवा, पण त्याला काही करू नका, एवढंच म्हणाले.

त्याच महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ऊद वाजवतो, असं मी मोठ्या तोंडाने सांगून बसलो. तालमीत पेटीशेजारी माझा सूर कधी वर, कधी खाली. पोरं हसली. मग मी, एवढ्या शिकलेल्या माणसाने, दांडीवर पेटीच्या सुरांच्या खुणा केल्या आणि मानवतच्या एका कारागिराकडून करवतीने खाचा पाडून पितळी पडदे ठोकून घेतले. कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या. मला शाल मिळाली.

मिस्त्री परत आले ते काठी टेकत. ऊद मांडीवर घेऊन त्यांनी दांडीवरून बोट सरकवलं, ते पहिल्याच पडद्याला अडलं. आजवर मला 'सर, तुमी' म्हणणारा माणूस अरे-तुरेवर आला.

"तुला सूर सापडंना म्हणून त्याचा गळा कापलास?"

पक्कड घेऊन त्यांनी स्वतः एकेक पडदा उपटला. खाचा भरायला शिसवाच्या काड्या मात्र मला तासायला लावल्या. रोज शाळा सुटली की मी जायचो. ते शिव्या द्यायचे, मी तासायचो. काडी जरा जाड राहिली की फेकून देत. एकदा मी म्हणालो, मिस्त्री, आता तरी माफ करा.

"माफी खाचंत भरती का?" ते म्हणाले. "काडी तास."

दोन खाचा राहिल्या आणि ते गेले. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी ऊद एकदाही वाजवला नाही. वाजवणार कसा, जागोजागी बोट अडकत होतं. त्या दोन खाचा मी भरल्या. आता दांडीवर कुठेच काही लागत नाही, आणि वाजवायला उरलोय मी.

परवा बायको म्हणाली, उदावर धूळ बसायलीय, ती संमेलनातली शाल घालू का? मी तिच्यावर केवढ्यांदा तरी ओरडलो. बिचारीचा काय दोष.