बानूचा प्रसाद

देवावर रुसायचं माझं वय राहिलं नाही, तरी त्या रविवारी मी रुसलेच. पुनावळ्यात आमच्या जुन्या घरासमोर खंडोबाचं देऊळ आहे. चहूकडून टॉवर उठले, पण देऊळ नि आमचं अंगण तसंच आहे, आणि अंगणात बानू बांधलेली असते. बानू म्हणजे बुटक्या चणीची घोडी, तट्टाणीच म्हणा ना. आमच्या ह्यांनी ती बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढं पळवायला घेतली होती. हे गेले, तिचं पळणं थांबलं, मागं राहिली ती बानू आणि तिची दुखणी. थंडी पडली की खोकला, पाऊस लागला की खुराला घाण, माश्या झाल्या की डोळ्याला पाणी. सकाळी उठून मी देवाआधी तिची लीद बघते, आता काय सांगू! सून हिंजवडीला कंपनीत जाते, ती निघताना म्हणायची, "आई, बानूची तपासणी झाली असेल तर तुमची बीपीची गोळी घ्या."

ह्यांनी जाण्याआधी माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. चंपाषष्ठीला बानूला देवापुढं न्यायचं, तेही तिच्या पायांनी. चार वर्षं नेली. यंदा मात्र दिवाळीनंतर ती पुढचे पाय टेकवेना. डॉक्टर आले, सुई दिली, खूर तासले. म्हणाले, "आजी, खाण्यानं होतं हे. काय काय घालता?" मी म्हटलं, "कडबा नि सुकं गवत. दुसरं काही न्हाई." आणि मी खोटं बोलत नव्हते हो! दुसऱ्या फेरीला ते हळूच म्हणाले की असंच राहिलं तर तिला जगवणं म्हणजे छळणं होईल. मी ते सुनेलाही सांगितलं नाही.

त्या रविवारी आरती झाली आणि मी देवळाच्या पायरीवर बसून देवाला म्हटलं, "घोडी तुझी आहे. न्यायची तर ने, ठेवायची तर ठेव. माझे हात टेकले." डोळे पुसून घरी आले तर फाटकापाशी एक बाई स्कूटर लावून उभी. चाळिशीची असेल. गाडी पंक्चर झाली होती, पाणी मागत होती. मी तांब्या दिला, पण तिचं लक्ष बानूकडं.

"मावशी, ही पुढचे पाय असे लांब टाकून किती दिवस उभी आहे?"

मी म्हटलं, "तुला गं कसं कळलं?"

तिचं नाव सुजाता. संत तुकाराम नगरची, भोसरीला वर्कशॉपमध्ये मशीन चालवते. वडील टांगा हाकायचे, लहानपण तबेल्यातच गेलं. ती सरळ बानूच्या पायाशी बसली, माझा हात ओढून खुरावर ठेवला. खूर तव्यासारखा तापलेला! तेवढ्यात देवळातून दोन बायका आल्या, रोजच्यासारखं बानूच्या तोंडात गूळखोबरं घातलं, तिच्या पाया पडल्या नि गेल्या. सुजाता बघतच राहिली.

"हे रोज चालतं?"

"व्हय. देवाचं वाहन हाय ते. रविवारी तर रांग लागती. पुरणपोळीसुद्धा घालत्यात."

"आणि डॉक्टरांना हे सांगितलंत?"

"अगं, ते काय खाणं हाय का? तो तर प्रसाद!"

बोलले आणि माझ्याच कानांनी ऐकलं. उपासाच्या दिवशी वाटीभर प्रसाद खाऊनही आपण म्हणतोच ना, सकाळपासून पोटात काही नाही! माझ्या पदराच्या गाठीलाही बानूसाठी गुळाचा खडा होता. सुजाता म्हणाली, "मावशी, आम्ही बौद्ध, तुमच्या खंडोबाचं मला काही कळत नाही. पण घोड्याच्या पोटाला प्रसाद नि साखर सारखीच. गोड जास्त झालं की ते खुरात उतरतं."

मग तिनं स्वतः बादली भरली, बानूचे पाय गार पाण्यानं भिजवले आणि खाली भुसा पसरायला लावला. मी लगेच डॉक्टरांना फोन केला. ते हसले नि रागावलेही. मी फाटकावर पाटी लावली, 'बानूचा उपास आहे, फक्त हात फिरवावा.' उपास म्हटल्यावर कोण मोडणार? एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "कितवा रविवार?"

चंपाषष्ठीला बानू चालली. अंगण ते देऊळ, तीस-चाळीस पावलं, मध्ये दोनदा थांबली, पण स्वतःच्या पायांनी. येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला, सुजाता गवताची पेंढी घेऊन आली होती तीही पिवळीधम्मक झाली. "मावशी, आता ओव्हरटाइमला अशीच जाऊ का?" म्हणून हसत सुटली.

डॉक्टर म्हणतात, दुखणं पुरतं जाणार नाही, जपावं लागेल. जपेन की. त्या दिवशी स्कूटर नेमकी माझ्याच दाराशी का बसली, ते मी कुणाला विचारत नाही. मला एवढंच उमगलं की मी घोडी देवाची म्हणत होते आणि गुळाची गाठ मात्र माझ्याच पदराला बांधून फिरत होते. हात टेकले तेव्हाच ते रिकामे झाले, आणि रिकाम्या हातालाच खुराचा ताप लागला.

देवापुढं उभ्या उभ्या बानूनं सवयीनं माझा पदर हुंगला. गाठ नव्हती. तिनं पुन्हा हुंगला, मग माझ्याकडं बघून अशी फुरफुरली की गाभाऱ्यातला पुजारीसुद्धा हसला. मी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हटलं, "चल बाई, घरी. गवत खाऊ."