बिनवासाची गाडी

हातात काहीही आलं की मास्तर आधी ते उजेडाकडे धरायचे आणि जरासं तिरपं करायचे. लग्नपत्रिका असो, पेरू असो, नाहीतर आमच्या घरून गेलेली शिऱ्याची बशी. मान डावीकडे कलायची, डोळे बारीक व्हायचे आणि निकाल लागायचा, "फ्रेश" किंवा "सेकंड". तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता. एकदा मी हौसेनं शिवून घेतलेला सफारी त्यांनी असाच सेकंड ठरवला. खांद्यावरच्या शिवणीत एक टाका सुटला होता, तो मला पुढे सहा महिने रोज दिसत राहिला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत कपड्याच्या मिलमध्ये काम करणारा जुना माणूस कुठल्या ना कुठल्या खात्याचा मास्तर होतोच. हे चेकिंगचे मास्तर. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये तीस वर्षं ट्यूबलाइटच्या टेबलावरून सरकणाऱ्या कापडातले दोष शोधायचे, आणि तेलाचे डाग द्रावणानं उडवायचे, हे त्यांचं काम. त्या द्रावणानं त्यांचं नाक पार गेलं होतं. जळालेली भाजी त्यांना धूर दिसल्यावर कळायची. आम्ही दोघं बमरोलीत एकाच सोसायटीत, समोरासमोर. ते हिंगोलीकडचे, मी अकोल्याचा, बँकेतून निवृत्त झालेला, आणि म्हणून दुसऱ्याच्या कामात लुडबूड करायला पूर्ण मोकळा.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं आणि त्याबरोबर विचित्र हाल सुरू झाले. त्यांना कुठलाच वास सोसेना. फोडणीचा, साबणाचा, उदबत्तीचा, माणसांचाही. रिक्षातून दवाखान्यात न्यायचं तर मिलच्या रंगाचा आणि डिझेलचा वास वाटभर, आणि वहिनी ओकून ओकून अर्ध्या व्हायच्या. शेवटी मास्तरांनी फंडातले पैसे काढून एक जुनी छोटी गाडी घेतली. तरुणपणी त्यांनी मिलचा टेम्पो चालवलेला होता, त्यामुळे चालवायची भीती नव्हती.

पण गाडीचा आधीचा मालक गुटखा खाणारा आणि वर सेंटचा शौकीन निघाला. पहिल्याच दिवशी वहिनी आत बसल्या आणि दुसऱ्या मिनिटाला बाहेर आल्या. मास्तर तिथेच उभे होते. त्यांना स्वतःला काहीच वास येत नव्हता, त्यामुळे नक्की कशाशी लढायचं तेही कळत नव्हतं.

तिथून त्यांची शिकवणी सुरू झाली. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्यानं जन्मभर एकच काम केलं आणि साठीच्या तोंडावर पुन्हा पहिलीत नाव घातलं. मोबाइलवर गाडी चकाचक करायचे व्हिडिओ असतात, फेसाचे डोंगर उडवणाऱ्या पोरांचे. मास्तर ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे टिपून घ्यायचे. एक बादली साबणाची, दुसरी फडकं खळबळायची. आधी छत, मग खाली. उन्हात धुवायचं नाही. सोसायटीत पाणी सकाळी तासभर येतं, त्यात यांच्या दोन बादल्या, म्हणून बायकांनी थोडी कुरकुर केली. कारण कळल्यावर त्याच बायकांनी घरोघरचे जुने टूथब्रश गोळा करून दिले.

चुका झाल्याच. सुरतेत कुणाच्याही घरी साड्यांच्या चिंध्यांचं एक गाठोडं असतंच. मास्तरांकडे दोन होती. त्यांनी जॉर्जेटच्या चिंध्यांनी सगळी गाडी घासून पुसली. संध्याकाळी तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकायला लागले. तीस वर्षं कापडात राहिलेल्या माणसानं पॉलिस्टरनं गाडी घासावी, याची त्यांना इतकी लाज वाटली, की दोन दिवस ते मला टाळत होते. मग मायक्रोफायबरचं फडकं आणलं, उजेडात धरलं, चिमटीत चोळून बघितलं आणि मला म्हणाले, "हे बी पॉलिस्टरच आहे भाऊ, पण लई बारीक." त्या वाक्यात पोरगं पहिलं आल्याचं समाधान होतं.

ओरखड्यांचं मात्र पुढे त्यांनी काही केलं नाही. हिला बाहेरचा रंग कुठं हुंगायचाय, म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष आतल्या भागावर होतं. पहिल्यांदा सीटवर इतकं पाणी ओतलं की आतला फोम भिजून कुबट झाला आणि गाडी आधीपेक्षा वाईट झाली. मग शिकले. खाण्याचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढून काढायचा, ओलसर फडक्यानं टिपायचं, चारही दारं उघडून वाळवायचं. वाळेपर्यंत खुर्ची टाकून राखण बसायचे, मांजरं येऊ नयेत म्हणून. एसीची जाळी काढली तेव्हा तिच्यात मिलच्या रुआचा, उडत्या तंतूंचा, गालिचाच निघाला. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणून वाटीत घालून सीटखाली ठेवले. मी टिंगल करायचो, मास्तर, आता गाडीत श्रीखंडासाठी दही टांगायचं तेवढं राहिलं. ते हसायचे आणि ब्रश चालू ठेवायचे.

नाक वहिनींचं. दर रविवारी सकाळी त्या हातात रुमाल घेऊन खाली यायच्या, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, आणि उभ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायच्या. मास्तर काचेबाहेर घड्याळ धरून उभे. पहिल्या रविवारी दोन मिनिटं. मग चार. मग एकदा शून्य, कारण मास्तरांनी व्हिडिओत बघून लिंबाचं काहीतरी फवारलं होतं. उतरताना वहिनी बोटांनी खूण करायच्या, कधी नुसतीच मान हलवायच्या. मास्तर ती खूण कॅलेंडरमागे लिहायचे.

या सगळ्याच्या मुळाशी दवाखाना होता असं आम्हाला वाटायचं. खरी गोष्ट वहिनींनीच आमच्या घरी सांगितली. त्यांना एकदा अक्काकडे जायचं होतं. अक्का म्हणजे वहिनींची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच धाकट्या भावंडांना वाढवलं, त्यांची लग्नं होईपर्यंत स्वतः लग्न केलं नाही आणि नंतर मग झालंच नाही. आता ती पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी जायबंदी, गावाबाहेर पाऊल टाकू न शकणारी. सुरतेहून हिंगोली तेरा-चौदा तासांची वाट. रेल्वेचा डबा वहिनींना सोसणं शक्य नव्हतं. म्हणजे जायचं तर या गाडीतूनच. औषधाच्या दोन फेऱ्यांमध्ये चार-पाच दिवस त्यांना जरा ताकद यायची, तेवढीच संधी.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी वहिनी गाडीत बसल्या आणि झोपी गेल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मास्तर दाराशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानं हळू जा म्हणत होते. शेजारच्या मोटरसायकलवाल्याला त्यांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर न्यायला लावली. चाळीस मिनिटांनी वहिनी जाग्या झाल्या, तेव्हा हा माणूस रडत होता आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं. त्याच दिवशी अक्काला फोन गेला, येत्या शुक्रवारी निघतो.

आता मला माझं सांगितलं पाहिजे. हे मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं नवरा-बायको खाली गेलो. आमच्या हिनं वहिनींची ओटी भरली, माहेरी चाललेली बाई रिकामी कशी पाठवायची. मी गाडीची पूजा करायचं ठरवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या लांबचा प्रवास, आजारी माणूस, मी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू लावलं. मास्तर बॅगा आणायला वर गेले होते आणि वहिनी जिन्याशी बसल्या होत्या. मी उदबत्त्या लावल्या, गाडीभोवती ओवाळल्या, आणि मग दार उघडून आतही ओवाळल्या. चांगल्या चार-पाच वेळा. सीटवरून, मागून, खालून. धूर कोपऱ्याकोपऱ्यात जावा म्हणून दार क्षणभर लावूनही घेतलं. देवाच्या गोष्टीलाही वास असतो हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

वहिनी नाकाला रुमाल लावून आत बसल्या आणि ते निघाले. दीड तासानं गाडी परत फाटकातून आत आली. सुरतेबाहेरच्या पलसाण्याच्या पुढे जाता आलं नव्हतं. वहिनींना मास्तरांनी जवळजवळ उचलूनच उतरवलं, त्यांच्या लुगड्याचा पुढचा भाग ओला होता. ओटीतले तांदूळ पायरीवर सांडले. मास्तरांनी चारही दारं उघडली आणि त्या दारांतून माझ्या अंगावर चंदनाचा वास आला. तेव्हा मला कळलं.

जमलेल्या लोकांना मास्तर म्हणाले, क्लच दगा देत होता, म्हणून फिरलो.

तीन दिवस मी त्यांच्यासमोर गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, तर ते ब्रश घेऊन छताचं कापड पुसत होते, पहिल्यापासून. मी कसंबसं माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही देवाचं केलं भाऊ. मीच सांगून ठेवाया पाहिजे होतं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडलो.

त्यानंतर रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर गाडी पुसायला जात होतो. दुसरं फडकं माझं. धूर कापडात फार खोल बसतो, तेलाच्या डागापेक्षा वाईट, हे मला तेव्हा समजलं. तीन आठवडे लागले. मधल्या फेरीनंतर वहिनींना ताकद आलीच नाही. ताप आला, दवाखान्यात ठेवलं, आणि मग घरी आणलंच नाही. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, गाडी लई छान झाली होती. मला झोप लागली होती तिच्यात." पूजेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना माहीत होतं का, मला माहीत नाही. अक्काची आणि त्यांची भेट झाली नाही. फोनवर अक्का फक्त इतकंच विचारत होती, निघाले का, निघाले का.

वहिनींचे दिवस झाले, पाहुणे गेले. महिन्याभरानं एका दुपारी मास्तरांनी मला खाली बोलावलं. ते चालकाच्या जागेवर बसले होते. मला शेजारी, वहिनींच्या जागेवर बसवलं आणि दार लावून घेतलं. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला.

मग म्हणाले, "माझं नाक मेलेलं आहे. तुम्ही सांगा. तिचा काही वास येतो का?"

मी श्वास घेतला. काहीच नव्हतं. तेल नाही, पावडर नाही, औषध नाही, माणूस नाही. आम्ही दोघांनी मिळून आतलं सगळं इतकं पुसून काढलं होतं की ती गाडी कुणाचीच राहिली नव्हती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"येतो," मी म्हणालो.

"कुठं?"

मी सीटच्या पट्ट्याला हात लावला. मास्तर उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले, गुडघे टेकून बसले आणि तो पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी नाकाशी धरला. मी सीटवर अंग चोरून बसून राहिलो. खूप वेळानं ते "हां" म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी गाडी पुसली नाही. उन्हाळ्यात नोकरी सोडून ते अक्काकडे राहायला गेले, कायमचे. जाताना आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. मी काही ओवाळलं नाही. सुरतेचं मे महिन्याचं ऊन, गाडीवर बोटभर धूळ, एसी बंद, आणि मास्तरांनी चारही काचा गच्च वर चढवल्या होत्या. आत ते घामानं निथळत होते. मी काचेवर टकटक करून काच खाली घ्या अशी खूण केली, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि गाडी काढली.