रडणारे पाळकसाहेब

माझ्या सात वर्षांच्या शांतेची पेटी खड्ड्यात उतरली होती आणि आमचे पाळकसाहेब रुमालात तोंड घालून रडत होते. पाळकाने "मातीला माती" म्हटल्याशिवाय आमच्यात कोणी मूठमाती टाकत नाही. सगळे मातीच्या मुठी आवळून उन्हात उभे. शेवटी मीच म्हणाले, "साहेब, रडायचं ते घरी रडा. पोरीला उघडं ठेवू नका." तेव्हा कुठे त्यांना शब्द फुटले.

आज मिशनच्या बंगल्यावरून गेले. साहेबांनी व्हरांड्यात टांगलेली तसबीर अजून तिथेच आहे. पांढऱ्या केसांचा टोप घातलेला, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा जर्मन पाळक. तरुणपणी त्याने प्रेमाची एक कादंबरी लिहिली आणि सारा मुलूख रडवला. पोरंपोरी चांदण्यात कबरींवर जाऊन बसत म्हणे. साहेब कॉफी पिता पिता हे सांगत आणि तेव्हाही डोळे पुसत.

"मग पुढं त्यानं काय केलं?" मी एकदा विचारलं.

"पुढे काय! जन्मभर प्रवचनं केली, लग्नं लावली, माणसं पुरली."

"रडत रडत?"

"नसेल, मार्थाबाई. लोक खोळंबतात ना," म्हणून ते ओशाळं हसले.

त्यानंतर दर दफनाला ते आधी मला गर्दीत शोधत, मग पुस्तक उघडत. त्यांच्या स्वतःच्या दफनाला नवा पाळक भराभर वाचून मोकळा झाला. कोणी खोळंबलं नाही. मला ते आवडलं नाही.

शांतेचा बाप गेला, साहेब गेले. शांतेच्या दफनाला जे उन्हात मूठ आवळून उभे होते, त्यांतली मी एकटी उरले आहे.